लाल चिंधीची कलमं

दोन राज्यांच्या हद्दीवरचा नाका मागं टाकून तासभर होऊन गेला होता. आम्ही पाच जण रस्त्याच्या कडेनं एकामागं एक चाललो होतो. पुढं खुशालभाऊ, डोक्यावर ओल्या तरटात गुंडाळलेला तीस संत्रा-कलमांचा भारा. मागं त्यांची बायको गोदाबाई, मग वाडीत कामाला येणारी शकुन आणि तिचा नवरा रोहित, आणि शेवटी मी. माझ्या भाऱ्यात वीसच कलमं होती. सासष्ट वर्षांच्या रिटायर मास्तरणीला, त्यात श्रावणी सोमवारचा उपास धरलेल्या, यापेक्षा जास्त द्यायला खुशालभाऊ तयार नव्हते. तरटातलं पाणी मानेवरून पाठीत उतरत होतं आणि मी मनातल्या मनात नाम घेत पाऊल टाकत होते.

खुशालभाऊंच्या बंडीच्या खिशात घडी घातलेला एक छापील फॉर्म होता. संध्याकाळी पाचच्या आत त्यावर सही पडली, तर वाडीत उरलेली एकशे तीस कलमं उद्या टेम्पोनं नाक्यापार जाणार होती. नाही पडली, तर उद्यापासून डोक्यावरून न्यायलाही बंदी. हे आम्हाला नाक्यावर आलेल्या साहेबांनी खुशालभाऊंना खुर्ची देऊन सांगितलं. खुर्ची दिल्याचं त्यांच्या लेखी फार मोठं काम झालं असावं, कारण त्यांनी तिचा उल्लेख दोनदा केला.

अचलपूरच्या बाहेर खुशालभाऊंची दीड एकराची रोपवाटिका आहे. तिला तिथं कोणी रोपवाटिका म्हणत नाही, खुशालची वाडी म्हणतात. माझं घर तिच्या कुंपणाला लागून. जंबेरी या रानलिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बसवून कलम करायचं काम ते तेराव्या वर्षापासून करतात, आणि आज त्यांना एकाहत्तरावं लागलं आहे. माणूस गोड नाही. गिऱ्हाईक आलं की आधी त्याच्या शेतातले खड्डे पाहायला जातात. खड्डा गुडघ्याएवढा खोल नसला तर कलम देत नाहीत, ‘कुंडीत लाव’ म्हणून परत पाठवतात. माझ्या अंगणातली मोसंबी मी चुकीच्या वेळी छाटली, तेव्हा पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत, आणि बोलले ते झाडाविषयीच.

त्यांच्या घरची एक रीत आहे. कलमांच्या प्रत्येक जुडीला गोदाबाईंच्या जुन्या लुगड्याच्या लाल काठाची चिंधी बांधायची. ती त्यांच्या आईच्या वेळेपासून चालत आली. चिंधी म्हणजे त्यांचं नाव. झाड पाच वर्षांनी रोगट निघालं, तर माणसानं कोणाच्या दारात येऊन शिव्या द्यायच्या हे त्याला ठाऊक असावं, एवढाच तिचा अर्थ. आणि दुसरी रीत अशी की शेतातलं पहिलं कलम विकणाऱ्यानं स्वतःच्या हातानं लावायचं. म्हणून खुशालभाऊ चाळीस वर्षं नाक्याच्या अलीकडं-पलीकडं सारखेच फिरले. पलीकडच्या अर्ध्या बागांतलं पहिलं झाड त्यांच्या हातचं आहे. त्यांची बहीण तिकडंच दिलेली. यंदाची साडेपाचशे कलमं होती तीही तिच्याच मुलाची, देवानंदची. पाच एकरांत खड्डे खोदून, शेणखत भरून तो जुलैपासून वाट पाहत होता.

आणि जुलैतच पलीकडच्या राज्याच्या एका खात्यानं एक पानाचा आदेश काढला. बाहेरच्या राज्यातली फळझाडांची कलमं वाहनातून आणायची तर परवाना हवा, दर कलमामागं प्रवेश शुल्क हवं, आणि तपासणीचा दाखला हवा. तपासणीचा माणूस नव्वद किलोमीटरवरच्या गावी बसणार, तोही आठवड्यातून दोनदा, आणि त्या दोनांपैकी एका दिवशी त्याची मीटिंग असणार. कारण काय दिलं, तर झाडांचा रोग. रोग खोटा नाही. खोडातून डिंक गळतो आणि झाड उभ्यानं वाळतं. खुशालभाऊंनी स्वतः चार वर्षांमागं आपला एक आख्खा वाफा उपटून जाळला, कोणी सांगितलं नसताना. पण त्या आदेशात पलीकडच्या रोपवाटिकांना ना तपासणी होती, ना शुल्क. रोग म्हणे फक्त आमच्याकडून जात होता. नाका ओलांडून. बहुधा रांगेत उभा राहून.

सगळी साडेपाचशे कलमं टेम्पोत भरून खुशालभाऊ निघाले ते आदेश निघून चौथ्या दिवशी. नाक्यावर टेम्पो अडवला. तिथं एक वाट आधीच तयार झालेली होती. आदेश निघून आठवडा होत नाही तोच अशी वाट पडते, त्याचं मला आता नवल वाटत नाही. ड्रायव्हर खाली वाकून म्हणाला, काका, या चिंध्या सोडा आणि कलमं पलीकडच्याच गावची म्हणा, कारकून मान हलवेल, पुढचे तिघंही असंच गेले. खुशालभाऊ खाली उतरले, कारकुनापुढं उभे राहिले आणि म्हणाले, ही कलमं अचलपूरची, माझ्या हातची. कोणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या कोणत्याही शहाण्या माणसानं ही चूक केली नसती. टेम्पो तिथं तीन दिवस उन्हात उभा राहिला. त्या तीन दिवसांत पाऊसही आला नाही. देवानंद पलीकडून बादल्या घेऊन आला, तर त्याला गाडीजवळ जाऊ दिलं नाही, कारण माल जप्तीत होता आणि जप्तीतल्या मालाला पाणी घालायची आदेशात तरतूद नव्हती. चौथ्या दिवशी गाडी सोडली. मुळ्या हातात धरल्या की सुतळीसारख्या तुटत होत्या. खुशालभाऊंनी त्या साडेपाचशेंच्या चिंध्या एक-एक सोडून घेतल्या आणि कलमं कंपोस्टच्या खड्ड्यात टाकली. गोदाबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

आता माझं सांगते, कारण इथं माझीही लाज आहे. मी एकतीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. राज्यपालाची नेमणूक कोण करतो, विधानपरिषदेत किती सभासद, हे पोरांना घोकून घेतलं. देशात एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल नेण्याचा हक्क कुठं लिहिला आहे, हे मी कधी शिकवलं नाही, कारण परीक्षेत येत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाच ठाऊक नव्हतं. वाडीत ती मेलेली कलमं परत आली, तेव्हा मी वाचनालयातून राज्यघटनेची मराठी प्रत आणली. आधीच्या वाचकानं ती चौदा वर्षांपूर्वी नेलेली होती.

खुशालभाऊ वाफ्यात बसून खुंट सोलत होते आणि मी बांधावर बसून वाचत होते. अनुच्छेद तीनशे एक. मी त्यांना माझ्या शब्दांत सांगितलं की सबंध देशात व्यापार आणि येणं-जाणं मोकळं राहील असं त्यात म्हटलं आहे. त्यांनी चाकू थांबवला नाही. मग नाका काहून, असं विचारलं. मी पुढं वाचलं. तीनशे चार. राज्याला बाहेरच्या मालावर कर बसवता येतो, पण तसाच माल आपल्या राज्यात होत असेल तर त्यालाही तेवढाच कर हवा. दोघांना दोन मापं चालत नाहीत. आणि लोकांच्या भल्यासाठी व्यापारावर वाजवी बंधन घालायचं असेल, तर विधानसभेत कायदा करावा लागतो, आणि ते विधेयक मांडण्याआधी राष्ट्रपतींची मंजुरी लागते. एका खात्याच्या साहेबानं एका पानावर सही ठोकून ते होत नाही.

‘म्हंजे तपासनी करता येते,’ खुशालभाऊ म्हणाले.

येते, मी म्हटलं.

‘मंग करा ना म्हना. माझे बी पाहा, त्याईचे बी पाहा. ज्याचं रोगट निघन त्याचं जाळा. म्या काय नाई म्हनलं?’

अमरावतीच्या वकिलानं दोन तास ऐकून जे सांगितलं ते यापेक्षा फारसं वेगळं नव्हतं, फक्त इंग्रजीत होतं. केस चांगली आहे, म्हणाले. टाकू आपण. निकालाला वर्षं लागतील. तोवर तुम्ही परवाना काढून घ्या. म्हणजे घरात शिरलेल्यावर दावा लावायचा आणि दावा चालेपर्यंत त्याला चहा करून द्यायचा. मी तसं बोलून दाखवलं, तर ते हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला.

आमच्या बाजूचे लोकही काही कमी नाहीत. एक स्थानिक पुढारी चार गाड्या घेऊन वाडीत आला आणि म्हणाला, काका, चिंता करू नका, आपण त्यांच्या लसणाचे ट्रक अडवू. खरंच दोन ट्रक अडवले, फोटो काढले. खुशालभाऊ तिथं गेले आणि सगळ्यांसमोर त्याला विचारलं, ‘त्याईनं माझं झाड मारलं, लसनानं काय केलं? तो ड्रायवर बी कोनाचा भाचाच असन ना.’ तेव्हापासून तो पुढारी त्यांना दुसऱ्या पक्षाचे समजतो. पलीकडच्या खात्याला जे शहाणपण नव्हतं, ते आमच्या पुढाऱ्याकडं तरी असावं, ही अपेक्षा मी केली होती. मास्तरकीची सवय.

डोक्यावरून न्यायची कल्पना शकुनची. तिनं आदेश ऐकला आणि म्हणाली, यात वाहन लिवलं आहे, डोकं कुठं लिवलं. खुशालभाऊंकडं तेवढ्याच कलमांचा दुसरा लॉट होता, पुढच्या वर्षासाठी राखलेला. ऑगस्ट संपायच्या आत लागला तरच देवानंदचे खड्डे कामी येणार होते. मग आम्ही बहिरमपर्यंत टेम्पोनं यायचं आणि तिथून भारे डोक्यावर घेऊन अकरा किलोमीटर चालायचं, असं ठरलं. नाक्यापुढंही डोक्यावरूनच, कारण पलीकडं गाडीत टाकलं तर तेही वाहनच. तिथल्या देवाला, बहिरमबुवाला, हात जोडून निघायचं, देवानंदकडं पिठलं-भाकर खाऊन बसनं परतायचं. आज तिसरी खेप होती. पहिल्या दोन खेपांना नाक्यावरच्या कारकुनानं आदेश उलटा-सुलटा करून पाहिला, त्यात डोकं सापडलं नाही, आणि त्यानं आम्हाला सोडलं. लाल चिंध्या तशाच बांधलेल्या होत्या. येणारे-जाणारे पाहत होते आणि विचारत होते, ही खुशाल मामाची कलमं ना. त्याचाच बोभाटा झाला असणार. म्हणून आज साहेब आले.

साहेब तरुण होते, सभ्य होते, मराठीही बरी बोलत होते. त्यांनी खुशालभाऊंच्या वयाबद्दल हळहळ व्यक्त केली. आदेशातली त्रुटी उद्या दुरुस्त होते आहे, म्हणाले, डोक्यावरची वाहतूकही त्यात येईल. पण तुमच्यासाठी खास बाब म्हणून मी पास देतो, शुल्क माफ, तपासणी माफ, या हंगामापुरता. फक्त या अर्जावर सही करून पाचच्या आत पाठवा. मी विचारलं, रोगाचं काय, तपासणी माफ केली तर रोग येणार नाही का. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, मॅडम म्हणाले, आणि पाण्याचा ग्लास पुढं केला. मी उपास असल्याचं सांगितलं. पाणी चालतं उपासाला, पण ते नको वाटलं.

तर असा तो कागद खिशात घेऊन आम्ही चाललो होतो. आठव्या किलोमीटरला एक मोठी चिंच आहे. तिथं खुशालभाऊंनी भारा उतरवला, म्हणून सगळ्यांनी उतरवला. गोदाबाईंनी तरटांवर बाटलीतलं पाणी शिंपडलं, मग स्वतः प्यायल्या. खुशालभाऊंनी खिशातून फॉर्म काढून माझ्या हातात दिला. वाचा बाई, म्हणाले.

मी वाचला. वरती सविनय, खाली आपला नम्र, मध्ये कृपावंत होऊन. अर्जदार हा बाहेरच्या राज्यातील उत्पादक आहे. आणि सर्वांत शेवटी बारीक अक्षरात: वरील आदेश अर्जदारास मान्य आहे व त्याबाबत अर्जदाराची कोणतीही तक्रार नाही.

शेवटची ओळ मी दोनदा वाचली. वकिलाची केस त्या एका ओळीत गेली असती. साहेबांचा सभ्यपणा कुठून आला होता ते मला त्या चिंचेखाली कळलं.

रोहित म्हणाला, काका, करून टाका सही, एकशे तीस झाडं आहेत, ओळीचं काय. तो चुकीचं बोलत नव्हता. वाडीतली ती कलमं उपटून ठेवलेली होती, मुळ्या ओल्या वाळूत. चार दिवसांच्या वर ती टिकली नसती. शकुननं नवऱ्याला डोळ्यांनी दटावलं.  गोदाबाई भाऱ्यावरची सैल झालेली चिंधी परत बांधत होत्या.

‘बाहेरचा म्हंजे?’ खुशालभाऊंनी मला विचारलं.

दुसऱ्या राज्यातला, मी म्हटलं.

‘माझी बहीन इथं मेली. तिले म्याच अग्नी देला, देवानंद लहान होता म्हनून. तवा कोनी बाहेरचा म्हनलं नाई.’

मग त्यांनी भारा उचलला. पुढचे तीन किलोमीटर ते आमच्यापेक्षा भराभर चालले.

देवानंद बांधावर उभा होता. त्यानं आधी मामाच्या डोक्यावरचा भारा घेतला, मग पाया पडला. आधीच्या दोन खेपांची कलमं ओळीनं उभी होती, त्यातल्या एक-दोघांना नवे कोंब फुटले होते. खुशालभाऊंनी प्रत्येकाच्या डोळ्याच्या सांध्यावरून बोट फिरवलं, एकाची माती पायानं दाबली, आणि खड्डे भरताना शेणखत वर कोणी टाकलं म्हणून देवानंदला झापलं. मग शेताच्या टोकाला गेले. आजच्या कलमांचे खड्डे सोडून तिथं आणखी एकशे तीस रिकामे खड्डे होते. कालच्या सरीचं पाणी त्यांत साठलं होतं. 

सव्वातीनला देवानंदनं मोटरसायकल काढून ठेवली. सही झाली की तो कागद नाक्यावर पोचवणार होता. मामा काय करतात हे त्याला विचारायचं होतं, पण विचारायची त्याची छाती होत नव्हती. शेवटी म्हणाला, ‘मामा, माझ्यासाठी सही नोका करू. खड्डे पुढच्या साली बी भरता येतात.’

‘खड्डे येतात भरता,’ खुशालभाऊ म्हणाले. ‘उद्या आमी येतो. सकाळीच. डोक्यावरच. अडवायचं असन तर अडवू दे, पन अडवलं हे लिवून देऊ दे. वकिलाले तेच पायजे ना, बाई?’

तेच पायजे, मी म्हटलं. डोक्यावर वीस कलमं घेतलेल्या म्हातारीला कोणत्या कायद्यानं थांबवलं, हे साहेबांना कागदावर लिहावं लागलं असतं, आणि त्यांच्याकडं उद्या दुरुस्त झालेला आदेश असला, तरी कायदा नव्हता.

‘आन् नाई सोडलं तर?’ रोहितनं विचारलं.

‘तर एकशे तीस मरतीन,’ खुशालभाऊ म्हणाले. ‘साडेपाचशे मेले तवा म्या गप होतो. आता मेले तर गप राहून नाई मरनार.’

गोदाबाई पहिल्यांदाच बोलल्या. उद्यासाठी तरटं कमी पडतील, देवानंदकडची दोन परत न्यावी लागतील, एवढंच म्हणाल्या.

खुशालभाऊ माझ्या शेजारी बांधावर येऊन बसले. फॉर्म उलटा करून कोरी बाजू माझ्या मांडीवर ठेवली. सही ते करणार होते, मजकूर मला घालायचा होता. मी पर्समधून पेन काढलं आणि एकतीस वर्षांच्या सवयीनं हात आपला चालू लागला. प्रति, मा. अधिकारी साहेब. खाली लिहिलं, सविनय. त्यांना वाचता येतं, सातवी पास आहेत. त्यांनी मातीचं बोट त्या शब्दावर ठेवलं, त्याचा ठसा उठला.

‘बाई, एक काम करा माझं. हे खोडा. सविनय नोको, किरपा नोको, इनंती तर बिलकूल नोको. इनंती मी बहिरमबुवाले करतो, सकाळीच करून आलो. साहेबाले फक्त सांगा का आमी उद्या येऊन राहिलो. आन् खाली माझं नाव लिवसान तवा गाव लिवा अचलपूर, आन् एक चिंधी टाचून द्या.’